आधीं काढलेला वाटा

दुसऱ्यांच्या इस्टेटीचे वाटे पाडतां पाडतां माझ्या आयुष्याचीं वीस-बावीस वर्षें निघून गेलीं. मडगांवच्या न्यायालयांत इन्व्हेंटरीच्या कामासाठीं उभा राहिलों, कीं पुढें एखाद्या घराची यादी असते : माडाचीं झाडें इतकीं, भातशेत इतकें, देवघरांतील समया दोन, तांब्याचें भाण एक. त्या एका भाणासाठीं सख्खे भाऊ वर्षानुवर्षें एकमेकांचें तोंड पाहत नाहींत, हें मीं पाहिलें आहे. अशा वेळीं मी मनांत म्हणतों, “बाबांनो, वाटे कसे पाडावेत हें तुम्हांला मी सांगेन, पण वाटे पाडण्यापूर्वीं काय काढून ठेवावें, हें मला जिनें शिकविलें ती माझी शेजारीण शिवणकाम करणारी होती, आणि तिनें कायद्याचें एकहि पुस्तक उघडलेलें नव्हतें.” हें अशीलांना सांगतां येत नाहीं. वाचकांना सांगावें, म्हणून आज लेखणी हातीं घेतली.

आधीं माझ्या स्वभावाविषयीं दोन शब्द. मी आठ वर्षांचा असतांना वडील एका आप्ताला जामीन राहिले. आप्तानें हात वर केले आणि जामीनकीचा भार आमच्या घरावर येऊन कोसळला. आईच्या पाटल्या गेल्या, न्हाणीघरांतला हंडा गेला, आणि त्यानंतर घरांत एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही आली. काडीपेटीपासून केळ्यांच्या फणीपर्यंत सारा खर्च आई तींत रोज रात्रीं लिहीत असे. त्या वहीनें आम्हांला तारलें, हें खरेंच. पण संकट सरल्यावरहि ती वही घरांतून गेली नाहीं. ती मला वारशानें मिळाली, आणि तिच्यासोबत मिळाली ती धास्ती : हातून सुटलेला पैसा म्हणजे पुन्हां एकदां गेलेला हंडा.

२००९ सालच्या डिसेंबरांत माझें लग्न झालें. पत्नी बेळगांवची, माहेरीं विधवा आई आणि धाकटा भाऊ. मडगांवांत एका जुन्या घराचा वरचा मजला आम्हीं भाड्यानें घेतला. खालच्या दोन खोल्यांत जानेवारीमध्यें एक ख्रिस्ती जोडपें राहावयास आलें. तोहि नवराबायकोचा नवाच संसार. तो मोटारींच्या गॅरेजांत कामाला. ती घरीं शिवणयंत्र चालवी. त्यांच्या लग्नापूर्वींच तो माझ्याकडे सल्ल्यासाठीं येऊन गेला होता. परदेशांतल्या कोणा मावशीनें त्याला लिहिलें होतें, कीं लग्नाआधीं मालमत्तेचा करार करून ठेवा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठीं सांगतों. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या १८६७ सालच्या दिवाणी संहितेची परंपरा १९६१ च्या मुक्तीनंतरहि चालू राहिली. हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद या बाबतींत फारसा नाहीं. लग्नापूर्वीं नोटरीपुढें निराळा करार न केल्यास पतिपत्नींची मालमत्ता, आधींची आणि नंतरचीहि, सामान्यतः सामाईक ठरते आणि प्रत्येकाचा तींत निम्मा हक्क असतो. मीं त्या तरुणाला हें सारें समजावून सांगितलें, निरनिराळे पर्याय सांगितले. तो सगळें लक्ष देऊन ऐकत होता. शेवटीं म्हणाला,

“अर्दें अर्दें बरें, वकीलबाब. पूण आमी धावो वांटो आदीं काडून दवरतलीं, मागीर अर्दें अर्दें.”

म्हणजे मिळकतीचा दहावा भाग आधीं बाजूला. मग उरलेल्या नवांचे निम्मे-निम्मे. मला हसूं आलें. मीं म्हटलें, “कायद्यांत असा तिसरा भागीदार नाहीं.” त्यावर तोहि हसला. म्हणाला, “कायद्यांत नासत. पूण तोच पयलो.” करार कांहीं झाला नाहीं, कायद्यानें जें आपोआप होतें तेंच त्यांना पुरेसें होतें.

आमच्या वरच्या मजल्यावर मात्र सामाईक मालमत्तेचा अर्थ निराळा होता. लाल पुठ्ठ्याची वही आतां माझ्या टेबलावर असे. रात्रीं जेवणें झालीं, कीं मी वही उघडीत असें आणि पत्नीनें दिवसाचा खर्च सांगावयाचा. ती एका शाळेंत शिकवीत असे. तिचाहि पगार वहींत जमा होई. पहिले महिने तिनें हें सारें थट्टेवारी नेलें. “लिहा, कोथिंबीर दोन रुपये, आणि एक जुडी गाईनें खाल्ली, तीहि लिहा.” मी तीहि लिहीत असें.

जून महिन्यांत, शाळा-कॉलेजें सुरू होण्याच्या वेळीं, तीन हजार रुपयांचा मेळ बसेना. मीं विचारलें. ती म्हणाली, “दिले.” कोणाला दिले? घरीं कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाला तंत्रनिकेतनांत प्रवेश मिळाला होता; त्याच्या फीसाठीं. मग मीं विचारावयास सुरुवात केली. उसने कीं तसेच? परत केव्हां मिळणार? मला आधीं कां सांगितलें नाहीं? दुसरें कोणी देणारें नव्हतें काय? आज तें आठवलें, कीं माझा मलाच आवाज ऐकूं येतो, आणि तो नवऱ्याचा आवाज नाहीं. ती सगळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत गेली. शेवटीं एवढेंच म्हणाली, “अहो, तुम्ही मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलेंत.” आणि उठून गेली.

भांडण झालें असतें तर बरें झालें असतें. भांडण झालें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ती खर्च बिनचूक सांगूं लागली आणि थट्टा थांबली. संसारांत हिशेब जुळूं लागला आणि बोलणें तुटलें. पहिल्या नागपंचमीला ती माहेरीं गेली, ती “चवथीपूर्वीं येणें जमेलसें दिसत नाहीं” असा निरोप ठेवूनच. लग्नानंतरची पहिली चवथ, सासरीं वझें यावयाचें, आणि सूनच घरांत नाहीं, याचा अर्थ गोंयकार वाचकांना मीं सांगावयास नको.

त्याच सुमारास खालच्या घरावरहि संकट आलें होतें. गॅरेजांत काम करतांना त्या तरुणाचा उजवा हात मोडला. दोन महिने पगार जवळजवळ बंद. सारा भार शिवणयंत्रावर. जुलैच्या पहिल्या तारखेला भाड्याच्या कांहीं बाबीसंबंधीं बोलावयास मी खालीं गेलों, तेव्हां ती टेबलावर पैसे मांडून बसली होती. शिवणाचे पैसे मोजले, त्यांतल्या कांहीं नोटा वेगळ्या केल्या आणि बिस्किटांच्या एका जुन्या डब्यांत टाकल्या. डब्याला झांकण होतें, कुलूप नव्हतें.

मीं वकिलाच्या अधिकारानें सांगितलें, “अडचणीच्या काळीं कायदासुद्धां सूट देतो. हा डबा उघडा आणि आधीं भाडें, औषध भागवा. बरे दिवस आले म्हणजे पुन्हां भरा.” ती रागावली नाहीं, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाला वाट सांगावी, तशा शांतपणें म्हणाली, “हे पयशे आमचे न्हय, वकीलबाब.”

मी वर आलों, पण तें वाक्य माझ्यामागून जिना चढून आलें. विश्वस्तानें ठेव खर्च करूं नये, हें मी अशीलांना रोज सांगत होतों. ही बाई आपल्याच घामाच्या पैशाकडे ठेव म्हणून पाहत होती.

ऑगस्टची पंधरा तारीख त्या वर्षीं नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीं आली. आमच्याकडे नागपंचमीला पातोळ्या. त्यांच्याकडे पंधरा ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या फेस्ताला पातोळ्या. हळदीचें पान तेंच, आंतलें चून तेंच. घरीं एकटा असलेल्या मला तिनें ताट भरून पातोळ्या पाठविल्या. त्या घेऊन आली ती आमच्या कामाची बाई. ताट ठेवून ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “वकीलबाब, पोराची फी भरली. अर्धे आमच्या बाईंनीं दिले, अर्धे खालच्या बाईंनीं. तुमचे उपकार मी विसरणार नाहीं.”

माझे उपकार! एकूण फी सहा हजारांची होती. तीन हजारांसाठीं मीं पत्नीला पिंजऱ्यांत उभें केलें होतें. उरलेले तीन हजार त्या बिस्किटांच्या डब्यांतून, माझ्याहून कितीतरी कमी मिळकतीच्या घरांतून आले होते. आणि माझ्या घरची अब्रू राखण्यासाठीं त्या दोघींनीं त्या बाईला सांगितलें होतें, कीं वकीलबाबांच्या संमतीनेंच दिले आहेत. त्या पातोळ्या गोड होत्या, पण माझ्या घशाखालीं उतरेनात.

संध्याकाळीं ताट परत देण्यासाठीं खालीं गेलों. तो तरुण हात गळ्यांत बांधून, बल्कांवावर बसून एक लहानसें पुस्तक वाचीत होता. मला पाहून म्हणाला, “वकीलबाब, हो तुमच्याच धंद्याचो.” पुस्तक फ्रेडरिक ओझानाम याच्या चरित्राचें होतें. मीं तें रात्रीं वाचून काढलें.

१८१३ सालीं जन्मलेला हा फ्रेंच गृहस्थ पॅरिसमध्यें कायद्याचा विद्यार्थी असतांना, तुमचा धर्म आज गरिबांसाठीं काय करतो, असा टोमणा त्याला ऐकावा लागला. त्यानें वाद घातला नाहीं. १८३३ च्या एप्रिल महिन्यांत, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यानें थोडे मित्र जमविले आणि गरिबांच्या घरीं स्वतः जाऊन त्यांना मदत करण्याचा नेम घेतला. त्यांतूनच संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नांवाची संस्था उभी राहिली. आज ती जगभर पसरली आहे. त्या संस्थेची एक चाल मला फार आवडली. सभेच्या शेवटीं एक पिशवी फिरवितात. प्रत्येकजण मिटलेली मूठ आंत घालतो आणि बाहेर काढतो. कोणी किती टाकले, कोणी कांहींच टाकलें नाहीं, हें कोणाला कळत नाहीं. उजव्या हातानें दिलेलें डाव्या हातालाहि कळूं नये, या ख्रिस्ताच्या शिकवणीला दिलेलें हें रोजच्या वापरांतलें रूप आहे.

ओझानाम पुढें कायद्याचा पदवीधर झाला, सॉर्बोनमध्यें परदेशी साहित्याचा प्राध्यापक झाला. १८४१ च्या जून महिन्याच्या २३ तारखेला अमेली नांवाच्या मुलीशीं त्याचें लग्न झालें. दर महिन्याच्या २३ तारखेला तो तिला फुलें देत असे. मिळकतीचा सुमारें दहावा भाग गरिबांसाठीं वेगळा काढण्याचा त्याचा नेम होता, असें चरित्रकार सांगतात. त्यांनींच सांगितलेली एक आठवण अशी : एका नववर्षदिनीं ओझानामला कळलें, कीं एका गरीब कुटुंबानें आपलें कप्प्यांचें जुनें कपाट, बऱ्या दिवसांची शेवटची खूण, गहाण टाकलें आहे. तें सोडवून द्यावें असें त्याच्या मनानें घेतलें. पत्नीनें शहाणपणाचीं कारणें दाखविलीं, आणि त्यानें तीं मानलीं. पण संध्याकाळीं आपल्या लहान मुलीच्या भोंवतीं मांडलेलीं खेळणीं आणि खाऊ पाहून तो खिन्न झाला, खाऊला हात लावीना. अमेलीनें तें ओळखलें आणि तिनेंच त्याला जावयास सांगितलें. तो गेला, कपाट सोडवून त्या घरीं पोंचविलें आणि हसतमुखानें परत आला.

ही आठवण वाचतांना मला एक गोष्ट टोंचली. त्या घरांत वकिली पत्नीनें केली होती, आणि शेवटीं आपला मुद्दा तिनेंच मागें घेतला होता. माझ्या घरांत वकिली मीं केली होती आणि निकालहि मींच दिला होता.

दुसऱ्याच आठवड्यांत मी अनमोडच्या घाटानें बेळगांवला गेलों. पावसानें घाट नुसता पांढरा झाला होता. पिशवींत लाल वही घेतली होती. कां घेतली, हें मलाच नीट ठाऊक नव्हतें. सासूबाईंनीं कांहीं विचारलें नाहीं. सकाळीं त्या स्वयंपाकाला लागल्या तेव्हां मी ओट्यापाशीं बसलों होतों. तांदूळ मापानें घेण्यापूर्वीं त्यांनीं एक मूठ काढली आणि कोपऱ्यांतल्या बरणींत टाकली. मीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “माझ्या सासूबाईंपासूनची चाल आहे. बरणी भरली, कीं मठांत पोंचवायची. तुमचे सासरे गेले त्या महिन्यांतसुद्धां चुकली नाहीं.” मग तांदूळ मोजून त्यांनीं पातेल्यांत घेतले. आधीं मूठ, मग माप.

तेव्हां मला माझी आजी आठवली. ती गोग्रास आणि काकबळी काढल्यावांचून कोणाला वाढीत नसे. चवथीच्या दुसऱ्या दिवशीं शेतांतलें नवें कणीस आणून देवापुढें ठेवल्याखेरीज आमच्याकडे नवें धान्य तोंडांत जात नसे. आणि गोव्यांतल्या इगर्जींतहि ऑगस्टांत कोणसांचें फेस्त होतें, तेव्हां पहिलें कणीस आधीं वेदीवर जातें. ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारांत शेताच्या कडेचें पीक कापूं नये, तें गरिबासाठीं आणि परक्यासाठीं सोडावें, अशी आज्ञा आहे. आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषदांत गुरु घरीं परतणाऱ्या शिष्याला, म्हणजे उद्यांच्या नवऱ्या मुलालाच, सांगतो : द्यावें तें श्रद्धेनें, मनांत संकोच ठेवून, भीति बाळगून. देतांना संकोच आणि भीति कसली, हें मला कॉलेजांत कळलें नव्हतें. घेणाऱ्याचा मान आपल्या हातून दुखावेल, याची ती भीति असावी. मीं भीति बाळगली होती ती निराळीच.

या दोन परंपरा एकच आहेत, असें मी म्हणणार नाहीं. वकिलानें दोन दस्तऐवज एक म्हणूं नयेत. माझी शेजारीण म्हणते, पैसे मुळांत देवाचे, आम्ही राखणदार. माझी सासू म्हणते, आपल्यावर देवांचें, पितरांचें, माणसांचें ऋण आहे, तें फेडावयाचें. शिवाय त्या जोडप्याच्या पंथांत दहावा भाग सक्तीचा नाहीं. तो त्यांनीं आपण होऊन घेतलेला नेम. पण दोन्ही घरांत क्रम एकच : आधीं काढणें, मग मोजणें. माझ्या घरांत मोजून झाल्यावर उरलें तर द्यावयाचें होतें, आणि मोजणाऱ्याला कधीं कांहीं उरत नाहीं.

मीं पत्नीपुढें वही ठेवली आणि म्हटलें, “पुढच्या महिन्यापासून दहावा भाग आधीं काढूं. त्याचा हिशेब तुझ्याकडे. मी विचारणार नाहीं.” मला वाटलें, तिचे डोळे भरून येतील. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “दहावा? अहो, तुमच्यानें तें व्हायचें नाहीं. दोन महिन्यांत तुम्हांला झोप येईनाशी होईल. विसाव्यापासून सुरुवात करा.”

कित्येक दिवसांनीं ती थट्टेनें बोलली होती. मीं विसावा कबूल केला. चवथीला ती घरीं होती. वझेंहि आलें, आणि त्यांतल्या नेवऱ्यांचें पहिलें ताट खालच्या घरीं गेलें.

विसाव्याचा दहावा होण्यास मला सहा वर्षें लागलीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मधल्या काळांत दोन वेळां मी चोरासारखा डबा उघडून मोजावयास गेलों. दोन्ही वेळां पत्नीनें पाहिलें, आणि दोन्ही वेळां ती कांहीं बोलली नाहीं. ती धास्ती गेली असें नाहीं. ती माझ्या बालपणाइतकीच जुनी आहे. पण आतां ती एकटी घर चालवीत नाहीं. आणि वही? ती अजून आहे. खर्च लिहूं नये असें माझें म्हणणें नाहीं. वडिलांनीं डोळे मिटून जामीनकी केली आणि घर बुडविलें. तें औदार्य नव्हे. आधीं काढलेला ठराविक वाटा माणसाला दोहोंपासून वांचवितो : उधळण्यापासून आणि आवळण्यापासूनहि.

कायद्यांत ‘लेजितिमा’ म्हणून एक गोष्ट आहे. मुलेंबाळें असलेल्या माणसाला आपली निम्मी इस्टेट मृत्युपत्रानेंसुद्धां दुसऱ्या कोणाला देतां येत नाहीं. ती वारसांसाठीं राखीव असते. २०१२ च्या नव्या गोवा उत्तराधिकार कायद्यांतहि हें तत्त्व तसेंच आहे. इतकीं वर्षें मी हें कलम वाचीत आलों आणि त्याचा पुरता अर्थ मला त्या बिस्किटांच्या डब्यानें सांगितला. आपलें म्हणून जें असतें, त्यांतलेंहि सगळें आपलें नसतें, हें कायदासुद्धां मानतो. त्यानें वारसांचा वाटा राखला. परक्याची लेजितिमा राखणारें कलम मात्र त्यांत नाहीं. तें ज्याचें त्यानें आपल्या घरीं लिहावयाचें.

आमच्या देवस्थानाच्या समितींत मीं मध्यंतरीं मुखत्याराचें काम केलें. देणगीदारांच्या नांवांच्या संगमरवरी पाट्या पाहतांना मला ती फिरती पिशवी आठवे. पाट्यांना माझा विरोध नाहीं. त्या नसत्या तर कित्येक देवळांचे सभामंडप उभे राहिले नसते. पण पाटीवर जागा न मिळालेलीं माणसें मीं आतां ओळखूं लागलों आहें. पावणीच्या गर्दींत मागें उभी राहून, मुठींतलें कांहींतरी दानपेटींत सोडून, मागें वळून न पाहतां निघून जाणारी एखादी म्हातारी दिसली, कीं ख्रिस्तानें देवळाच्या भांडारापाशीं बसून पाहिलेली ती विधवा मला दिसते. श्रीमंतांनीं आपल्या उरल्यासुरल्यांतून टाकलें; तिनें दोन छदाम टाकले, तीच तिची सारी पुंजी होती, आणि तिचेंच दान सर्वांत मोठें, असें त्यानें शिष्यांना सांगितलें.

तें ख्रिस्ती जोडपें पुढें दुसऱ्या गांवीं राहावयास गेलें. जातांना त्या बाईनें माझ्या पत्नीला एक जुना डबा दिला. झांकण सैल झालें आहे, वरचें चित्र पुसलें आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो टेबलावर येतो. त्यांत किती पडतें, तें मी येथें सांगणार नाहीं.